कपाळावरची आठी कशी पसरते?

ऑफिसात कुणी सतत कुरकुरत असलं की ‘एक नासका आंबा सगळी अढी नासवतो’ हे वाक्य ठरलेलं. उपायही ठरलेले: त्याला बाजूला करा, नाहीतर टेबलावर स्फटिक ठेवून ‘निगेटिव्ह एनर्जी’ घालवा. ही एनर्जी कुठल्या एककात मोजतात, ते स्फटिक विकणारे सांगत नाहीत. चेहऱ्याच्या स्नायूंतली वीज मात्र मायक्रोव्होल्टमध्ये मोजता येते, आणि खरी गंमत तिथेच आहे.

भुवया जवळ ओढून आठी पाडतो तो कॉरुगेटर स्नायू. ओठांचे कोपरे वर खेचून हसू आणतो तो झायगोमॅटिक मेजर. स्नायू आकुंचन पावताना त्याच्या तंतूंमधून विद्युत्स्पंद धावतात. हालचाल डोळ्याला दिसण्याइतकी नसली तरी त्वचेवर चिकटवलेले इलेक्ट्रोड हे स्पंद टिपतात. स्वीडनमधल्या उल्फ डिमबर्ग आणि सहकाऱ्यांनी २००० साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात लोकांना हसरा किंवा रागीट चेहरा फक्त ३० मिलिसेकंद दाखवला आणि लगेच त्याच जागी निर्विकार चेहरा आणला. याला बॅकवर्ड मास्किंग म्हणतात: पहिलं चित्र जाणिवेत उमटण्याआधीच दुसरं त्याला झाकून टाकतं. तरीही रागीट चेहऱ्यानंतर कॉरुगेटरचे स्पंद वाढले, हसऱ्यानंतर झायगोमॅटिकचे. म्हणजे समोरच्याची आठी आपण पाहिली हे आपल्याला कळायच्या आत आपल्या कपाळाने ती उचललेली असते.

ही नक्कल मूडपर्यंत कशी पोचते, हा दुवा जरा कच्चा आहे. चेहऱ्याचे स्नायू मेंदूला खबर देतात आणि त्यावरून मूड बदलतो, असं एक मत. पण त्याला आधार देणारा, दातांत पेन धरून चेहरा हसरा केला की व्यंगचित्रं जास्त मजेशीर वाटतात असं दाखवणारा १९८८चा गाजलेला प्रयोग २०१६ मध्ये १७ प्रयोगशाळांनी करून पाहिला, तेव्हा तो परिणाम मिळाला नाही.

मूड पसरतो, हे मात्र दिसलं आहे. व्यवस्थापन-संशोधक सिगल बारसेड यांनी २००२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात बोनस वाटपाच्या लुटुपुटूच्या बैठकीत एक प्रशिक्षित नट बसवला होता. त्याचा मूड गटात उतरला. तो आनंदी असलेल्या गटांत सहकार्य वाढलं, भांडणं कमी झाली. नाराजी आनंदापेक्षा जास्त पसरेल, हा अंदाज मात्र फसला. नासक्या आंब्याची म्हण इथे लंगडी पडते.

शिवाय सगळा विभाग आंबट तोंडाने बसला असेल, तर त्यांनी ते एकमेकांकडून घेतलं की सगळ्यांचीच पगारवाढ अडली आहे? मानसशास्त्रज्ञ पीटर टॉटरडेल यांनी हा गुंता व्यावसायिक क्रिकेटपटूंवर सोडवून पाहिला. चार दिवसांच्या सामन्यात खेळाडू रोज तीनदा पॉकेट कॉम्प्युटरवर आपला मूड नोंदवायचे. सामन्याची स्थिती हिशेबातून वेगळी काढल्यावरही खेळाडूचा आनंद संघातल्या इतरांच्या आनंदाशी जुळलेला निघाला. ऑफिसात मात्र कुरकुरणाऱ्याला नासका ठरवताना पगारवाढीचा हिशेब सहसा कुणी वेगळा काढत नाही.