गोधडीचे कापड आधी धुणे

गोधडी किंवा क्विल्ट शिवण्यासाठी आणलेले नवे कापड कापण्यापूर्वी धुऊन, वाळवून, इस्त्री करून घेण्याची रीत. ती पाळावी की नाही, यावरून शिवणाऱ्यांत दोन तट आहेत आणि दोघांचेही म्हणणे आपापल्या जागी खरे असते. गोधडीत वरचा जोडकामाचा थर, मधले भरण आणि खालचे अस्तर टाक्यांनी कायमचे बांधले जातात. त्यांतले एक आटले आणि दुसरे नाही, की चुण्या पडतात. म्हणून कापड किती आटते यापेक्षा सगळे सारखे आटते का, हे पाहणे महत्त्वाचे.

विणताना, रंगवताना आणि छापताना कापड सतत ताणलेले असते. पाणी आणि उष्णता लागली की धागे सैल होऊन आखडतात. ताण उभ्या धाग्यांवर अधिक असल्यामुळे कापड रुंदीपेक्षा लांबीत जास्त आटते. साधे सुती कापड साधारण ३ ते ५ टक्के आटते, फ्लॅनेल बहुधा त्याहून अधिक. १५० सेंमीच्या गोधडीत ३ टक्के म्हणजे साडेचार सेंमी. संपूर्ण गोधडी तेवढी आटली तर काहीच बिघडत नाही, ती थोडी लहान होते इतकेच. मात्र धुतलेल्या पट्टीशेजारी कोरी पट्टी आली, तर पहिल्याच धुण्यात कोरी पट्टी शेजारणीला ओढू लागते. म्हणून एका गोधडीत धुवायचे तर सगळे कापड धुवावे, नाहीतर एकही नको. वापरून जुने झालेले कपडे जोडायचे असतील तर हा प्रश्नच उरत नाही; त्यांच्यात नवे कापड मिसळायचे असेल, तर ते मात्र धुतलेच पाहिजे.

भरणही हिशेबात धरावे लागते. सुती भरण ३ ते ५ टक्के आटू शकते, पॉलिएस्टरचे जवळजवळ आटत नाही. धुतलेल्या कापडाखाली कोरे सुती भरण घातले, तर पहिल्या धुण्यानंतर गोधडीभर बारीक सुरकुत्या उठतात. जुन्या गोधडीचा हा भास काहींना इतका आवडतो की ते मुद्दाम तसे करतात.

रंगाची बाब आटण्याहून गंभीर. आटलेली गोधडी वापरता येते, पण पांढऱ्या चौकोनावर उतरलेला लाल रंग डोळ्यांत खुपत राहतो. गडद लाल, निळा, जांभळा, काळा आणि हाताने रंगवलेले कापड यांच्यावर विशेष नजर ठेवावी. परीक्षा सोपी आहे. काचेच्या पेल्यात गरम पाणी, धुण्याच्या साबणाचे दोन थेंब आणि कापडाचा ५ सेंमीचा तुकडा टाकून अर्धा तास ठेवायचे. मग तुकडा ओलाच पांढऱ्या सुती कापडावर वाळू द्यायचा. पाणी रंगले पण पांढऱ्यावर डाग नाही, तर एकदोन धुण्यांत भागते. डाग पडला तर पाणी स्वच्छ निघेपर्यंत धुवावे किंवा ते कापड बाजूला ठेवावे. मीठ किंवा व्हिनेगर टाकले की रंग पक्का होतो ही समजूत सुती कापडाच्या बाबतीत फोल आहे. धाग्याला न चिकटलेला जादा रंग धुऊनच काढावा लागतो.

न धुण्याच्या बाजूनेही सबळ कारणे आहेत. कोऱ्या कापडात खळ असते. त्यामुळे ते कडक राहते, कापताना सरकत नाही आणि तिरक्या कडांचे त्रिकोण ताणले जात नाहीत. कापून मिळणाऱ्या तयार पट्ट्या व चौकोन तर धुऊच नयेत: कडा उसवतात, मापे बिघडतात आणि ६ मिमीची शिलाई बसवायला जागा उरत नाही. भिंतीवर टांगायच्या, कधीच न धुवायच्या कामाला या खटाटोपाची गरज नाही. तान्ह्या बाळासाठी किंवा नाजूक त्वचेच्या माणसासाठी शिवताना मात्र धुणेच बरे, कारण कापडावर रसायनांचे अवशेष असू शकतात.

धुवायचे ठरले तर मीटरमागे ५ ते ७ सेंमी कापड जास्त घ्यावे. चारही कोपरे तिरके छाटले की कडा कमी उसवतात. गडद आणि फिके वेगळे धुवावे. लहान तुकडे जाळीच्या पिशवीत घालावेत, नाहीतर यंत्रात सुटलेल्या धाग्यांचा दोर वळतो. कापड मऊ करणारे द्रव टाळावे; त्याच्या थरावर इस्त्रीने चिकटवायचे अस्तर नीट धरत नाही. पुढे गोधडी जशी वाळवणार, तसेच कापडही वाळवावे. किंचित ओले असतानाच इस्त्री करावी, तीही दाबत आणि उचलत. ओढत फिरवली की कापड तिरके होते. गेलेला कडकपणा खळीच्या फवाऱ्याने परत येतो. शेवटी काठाला काठ जुळवून कापड उंच धरावे. घडी सरळ लोंबत नसेल, तर एक काठ सरकवून ती सरळ करावी आणि मगच कापावे.

शिवून झालेल्या गोधडीचा रंग धुताना उतरलाच, तर ती वाळू देऊ नये. भरपूर गरम पाण्यात साबण घालून काही तास पूर्ण बुडवून ठेवावी आणि पाणी रंगले की बदलत राहावे.