तालांव, पंचनामा आणि सिंघम : गोव्यातल्या प्रेक्षकांच्या मतभेदाची पार्श्वभूमी

पोलिसांच्या लाचखोरीवरचा मारधाडपट आला की गोव्यातल्या प्रेक्षकांत एक जुना वाद नव्याने सुरू होतो. एक बाजू म्हणते, शेवटी गोळी घातली तेच बरे झाले, नाहीतर खटला वीस वर्षे चालला असता. दुसरी म्हणते, मग पैसे खाणारा आणि गोळी घालणारा यांत फरक काय राहिला? गंमत अशी की या दोन बाजू दोन वेगळ्या माणसांच्या असतातच असे नाही. शेवटच्या मारामारीला एक मत आणि बाहेर येऊन हेल्मेट चढवताना दुसरे, असे अनेकांचे होते. माझेही झाले आहे.

या मतांची मुळे शोधताना सगळे सत्तरच्या दशकातल्या संतप्त नायकापासून सुरुवात करतात. तो भाग सर्वांना पाठ आहे, सोडून देऊ. त्याहून मागे, १९६१ पूर्वीच्या गोव्यात पोलीस म्हणजे परक्या सत्तेचा दंडुका आणि छापील अक्षरावर सेन्सॉरचा पहारा. पोलिसाने पैसे खाल्ले तर त्यावरचे मत सोप्यावर बसून, दबक्या आवाजातच व्हायचे.

मराठी प्रेक्षकाने लक्षात ठेवावा असा टप्पा १९८३ चा आहे. त्या वर्षी आलेला 'अर्धसत्य' हा हिंदी चित्रपट मराठी कथेवर बेतलेला होता, पटकथा मराठी नाटककाराची होती आणि त्यातला खलनायकही मराठी रंगभूमीवरून आलेला. त्यातला फौजदार प्रामाणिक आहे. पण तो कोठडीत एका किरकोळ चोराला मरेस्तोवर मारतो आणि ते निस्तरायला, ज्याच्याविरुद्ध लढायचे त्याच्याच दारात जाऊन उभा राहतो. हात उगारणे हा तिथे गुण नाही. बापाकडून आलेले ते दुखणे आहे, आणि त्याच दाराने भ्रष्टाचार आत शिरतो. पुढच्या तीस वर्षांत पोलिसपट हे दार विसरले. प्रेक्षकही विसरले, असे मला वाटते.

आता गोव्याकडे. इथल्या सामान्य माणसाला पोलिसाची लाच भेटते ती रस्त्यावर. वाहतूक पोलीस दंडाची जी पावती फाडतो, तिला आपण तालांव म्हणतो. शब्द पोर्तुगीज काळातला : वहीतून फाडून द्यायची पावती, जिचा दुसरा भाग वहीतच राहतो. मराठी वर्तमानपत्रेही इथे 'चलान' न लिहिता तालांवच लिहितात. खरा अर्थ त्या मागे राहणाऱ्या भागात आहे. तालांव हातात आला तर पैसा सरकारात गेला. नाही आला तर कुठे गेला, ते विचारायचे नसते.

पंचवीसेक वर्षांपूर्वी एका पुलाच्या तोंडाशी मला असेच अडवले होते. परवाना घरी राहिला होता. समोरच्या माणसाने वही उघडली, दोन पानांमध्ये कार्बन सरकवला, तो बोटाने नीट दाबून सपाट केला, पेन उघडले, पानावर टेकवले आणि तसाच थांबला. माझ्याकडे बघेना, नदीकडे बघत राहिला. बोलणे असे काही झालेच नाही. मी पैसे दिले, त्याने कार्बन पुन्हा मागच्या पानात ठेवला. पडद्यावरची नोटांनी फुगलेली ब्रीफकेस पाहून इथल्या प्रेक्षकाला हसू येते ते यामुळे. लाच अशी नसते हे त्याला माहीत असते. मुंबईच्या सिनेमाने शिकवलेला 'हप्ता' हा शब्दही इथे उशिराच रुळला. माझ्या पिढीला हप्ता म्हटले की आधी स्कूटरच्या कर्जाचाच आठवायचा.

ज्या काळात ही मते घट्ट झाली तो २००८ ते २०१२ चा. फेब्रुवारी २००८ मध्ये हणजूणच्या किनाऱ्यावर एका अल्पवयीन ब्रिटिश मुलीचा मृतदेह सापडला. पोलिसांनी सुरुवातीला बुडून मृत्यू असे धरले. आईने हट्ट सोडला नाही, दुसऱ्यांदा शवचिकित्सा झाली आणि त्यानंतर खुनाचा गुन्हा नोंद झाला. २०१६ मध्ये दोन्ही आरोपी सुटले, २०१९ मध्ये उच्च न्यायालयाने त्यांतल्या एकाला दोषी धरले. त्यानंतर २०१० मध्ये, अमली पदार्थांचा धंदा मोडायला नेमलेल्या पथकातलेच पोलीस एका परदेशी विक्रेत्याशी संगनमत केल्याच्या आरोपावरून निलंबित झाले, काहींना अटक झाली. जप्त केलेला माल पुन्हा बाजारात जातो, असा आरोप होता. तपास केंद्रीय यंत्रणेकडे गेला, विधानसभेची समिती बसली. याच वर्षांत डिचोली, सत्तरी, सांग्यात खनिजाचे ट्रक दिवसरात्र धावत होते. घराघरात लाल धूळ, आणि भरलेल्या ट्रकला तालांव दिलेला कोणी पाहिलाय का, असा तेव्हाचा विनोद. सप्टेंबर २०१२ मध्ये खाणी बंद झाल्या.

म्हणजे गोव्याची तक्रार मुख्यतः कागदाबद्दल होती. न फाडलेला तालांव, बुडून मृत्यूची नोंद, जप्त माल ठेवायच्या मालखान्याची वही. कोणी कोणाला पुरेसे मारत नाही, अशी ती तक्रार नव्हती. हे ध्यानात ठेवले तर पुढचा गोंधळ उलगडतो.

२२ जुलै २०११ रोजी 'सिंघम' आला. दिल्लीतल्या लोकपाल आंदोलनाची दोन उपोषणे एप्रिल आणि ऑगस्टमधली, त्यांच्या बरोबर मध्ये. मूळ तमिळ चित्रपट आदल्या वर्षीचा, दोन्हींत खलनायक एकाच नटाने रंगवलेला. हिंदीत कथा महाराष्ट्र-गोवा सीमेवर आणली गेली, आणि सुरुवातच गोवा पोलिसातल्या एका प्रामाणिक निरीक्षकाच्या आत्महत्येने होते. त्याच्यावर लाचखोरीचा खोटा आळ आलेला असतो. म्हापशात, धो धो पावसात, मी तो पहिल्या आठवड्यात पाहिला. त्या पहिल्या दृश्याला सारे प्रेक्षागृह चूप होते. ती शांतता मला नंतरच्या शिट्ट्यांपेक्षा जास्त आठवते. खोटा कागद माणसाला कसा मारतो, हे इथे कोणाला समजावून सांगावे लागत नव्हते. मारामाऱ्या सुरू झाल्यावर मात्र मागच्या रांगेतून कोकणीत 'मार ताका!' सुरू झाले, आणि मग थांबलेच नाही.

आता त्या शब्दाकडे येऊ, कारण आजच्या मतांमधला निम्मा गोंधळ त्याने घातला आहे. तमिळमध्ये सिंगम म्हणजे सिंह. तिथे तो नायकाच्या नावाचाच भाग. हिंदीत त्याचे आडनाव झाले आणि पुढे बाजीराव लागले. मराठी प्रेक्षकाची पहिली हरकत इथेच होती, की असे आडनाव सावंतवाडीपासून साताऱ्यापर्यंत कुठे ऐकलेय? ही हरकत फार टिकली नाही. वर्षभरात आडनावाचे सामान्यनाम झाले. बदलीवर आलेला अधिकारी सिंघम, महिला अधिकारी असेल तर लेडी सिंघम. नायकाच्या 'आता माझी सटकली' या वाक्यामुळे 'सटकणे' हे आपले घरगुती क्रियापद देशभर गेले, त्याचा थोडा अभिमानही होताच.

पण सिंघम म्हणजे नेमका कोण? वर्तमानपत्राच्या मथळ्यात तो पैसे न खाणारा. कट्ट्यावर तो कानाखाली वाजवणारा. निवडणुकीच्या भाषणात, वरून फोन आला तरी न ऐकणारा. हल्ली आणखी एक भर पडली आहे : कारवाई करताना सोबत मोबाइलवर चित्रीकरण करणारा माणूस घेऊन फिरणारा. आणि कोकणीत 'व्हडलो सिंघम आयला' म्हणतात तेव्हा तो नुसता मिजासखोर. हे सगळे अर्थ एकाच शब्दात कोंबलेले असल्यामुळे दोन प्रेक्षक तासभर भांडतात आणि भांडण कशावर हे दोघांनाही कळत नाही. एक जण प्रामाणिकपणाची बाजू घेतो, दुसरा मारहाणीला विरोध करतो. खरे तर दोघांचे एकमत असू शकते. शब्दाने ते होऊ दिले नाही. पैसे न खाणे आणि हात उचलणे या दोन गोष्टी १९८३ मध्ये एकमेकींच्या विरुद्ध उभ्या होत्या. २०११ नंतर त्या एकाच गणवेशात शिरल्या. हात जितका जड तितका माणूस स्वच्छ, असे समीकरण झाले. माझ्या ओळखीत निवृत्त झालेले एक हवालदार आहेत. आयुष्यात कोणाचा चहाही न घेतलेले, आणि कोणावर कधी हात न टाकलेले. त्यांना सिंघम म्हणताना मी कोणाला ऐकलेले नाही.

दुसरा वाद शेवटाचा. ज्यांनी पाहिला आहे त्यांना आठवेल : पोलीस एकत्र येतात, खलनायकाला पोलीस स्थानकातच गोळी घालतात आणि ती आत्महत्या म्हणून जाहीर करतात. पहिल्या दृश्यातला निरीक्षक निर्दोष ठरतो. प्रेक्षकांना हा शेवट गोल वाटतो, नियतीचा न्याय वाटतो. पण नीट पाहिले तर खोट्या कागदाने सुरू झालेली गोष्ट दुसऱ्या खोट्या कागदाने संपते. फरक इतकाच की हा पंचनामा आपल्या बाजूच्यांनी लिहिलेला. ही हरकत घेणारे तेव्हा थोडे होते. घेणारा बहुधा वकील नाहीतर वकिलाचा शेजारी, असे आम्ही थट्टेने म्हणायचो.

हरकती नव्हत्या असे नाही, त्या वेगळ्याच ठिकाणी होत्या. कन्नडिगांचा अवमान होतो म्हणून कर्नाटकात प्रदर्शनाला विरोध झाला आणि संवादाला कात्री लागली. गोव्यात त्याच वर्षी एप्रिलमध्ये, इथल्या अमली पदार्थांच्या धंद्यावरच्या एका हिंदी चित्रपटाच्या झलकीतले बायकांविषयीचे एक वाक्य पेटले होते. ते चित्रपटातून गेले. पोलीस विकले जातात असे त्याच चित्रपटात दाखवले होते, त्याचा राग कोणाला आल्याचे मला दिसले नाही. संताप गोव्याच्या नावासाठी होता, पोलिसांच्या नावासाठी नव्हे. चित्रीकरणाला परवानगी देण्यापूर्वी पटकथा पाहावी, ही मागणी अधूनमधून डोके वर काढते तीही याच भावनेतून. त्यात तथ्य आहे. मुंबईच्या सिनेमाला गोवा हवा असतो तो नारळ, चर्च आणि लाल मातीपुरता. बोलायला तोंड उघडले की पात्रे दादरची निघतात. पेडण्याचा किंवा साखळीचा माणूस पोलिसाशी कसा बोलतो, हे कोणी ऐकलेलेच नसते.

दरम्यान न्यायालयांत वेगळेच चालले होते. २००६ साली सर्वोच्च न्यायालयाने पोलीस सुधारणांसाठी सात निर्देश दिले. त्यांतला एक, पोलिसांविरुद्धच्या तक्रारी ऐकणाऱ्या प्राधिकरणाचा. अशा प्राधिकरणासमोरची पाच मिनिटांची सुनावणी मी कोणत्याही मारधाडपटात पाहिल्याचे आठवत नाही. सप्टेंबर २०१४ मध्ये चकमकीतल्या मृत्यूंच्या चौकशीसाठी सोळा सूचना आल्या. 'सिंघम'चा दुसरा भाग त्याच्या महिनाभर आधी, १५ ऑगस्टला येऊन गेला होता. त्यात नायकाची बदली मुंबईला झाली होती, गोवा सुटला होता.

गोवा परत आला डिसेंबर २०१८ मध्ये, 'सिम्बा'त. मूळ तेलुगू. या वेळी नायक स्वतःच लाचखाऊ, आणि नेमणूक मिरामारला. पणजीकर जिथे संध्याकाळी पाय मोकळे करायला जातात, त्या किनाऱ्याच्या नावावर. पूर्वार्धात तो मजेत पैसे खातो आणि प्रेक्षक हसतात. उत्तरार्धात एका मुलीवर अत्याचार होऊन ती मरते, त्याचे मन पालटते आणि आरोपींना पोलीस स्थानकात गोळ्या घातल्या जातात. पुढची चौकशी त्याला निर्दोष ठरवते. लाच खाण्याचे पाप गोळीने धुतले जाते, असा हिशेब. माझ्या घरातल्या बायकांची मते या चित्रपटावर दोन टोकांची होती. एकीने टाळ्या वाजवल्या. दुसरी म्हणाली, तक्रार द्यायला गेलेल्या मुलीला बाकावर किती तास बसवतात, तेवढे दाखवा आधी.

वर्ष उलटायच्या आत, ६ डिसेंबर २०१९ रोजी, हैदराबादजवळ बलात्कार आणि खुनाच्या प्रकरणातले चार संशयित पोलिसांच्या गोळ्यांनी मेले. पोलिसांवर फुले उधळली गेली. २०२२ मध्ये, सर्वोच्च न्यायालयाने नेमलेल्या आयोगाने पोलिसांची कहाणी खोटी ठरवली. आयोगाचे प्रमुख निवृत्त न्यायमूर्ती मराठी होते, ही बाब मराठी कट्ट्यांवर फारशी निघाली नाही. सप्टेंबर २०२३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या एका न्यायमूर्तींनी जाहीर भाषणात 'सिंघम'सारख्या चित्रपटांचे नाव घेऊन सांगितले, की झटपट न्यायाची ही कल्पना घातक आहे. त्यावर इथे उमटलेली प्रतिक्रिया ठरलेली : आधी तुमच्या तारखा कमी करा. अकरा वर्षे एका निकालाची वाट पाहिलेल्या हणजूणच्या किनाऱ्यावरून हे ऐकताना खोडून काढायला मलाही शब्द पटकन सापडत नाहीत. पण त्या अकरा वर्षांची सुरुवात कोठल्या नोंदीपासून झाली होती, तेही विसरता येत नाही.

'सिंघम'चा तिसरा भाग १ नोव्हेंबर २०२४ ला, दिवाळीत आला. आदल्या पहाटे नरकासुर जाळून, पोहे खाऊन, डोळ्यांत झोप घेऊनच पोरे खेळाला गेली. या भागात रामायण आहे, श्रीलंका आहे, दहशतवादी आहेत, गाड्या हवेत उडतात. पुतण्या परत आल्यावर मी विचारले, पैसे कोण खातो यात? तो जरा थांबला, आठवून पाहिले आणि म्हणाला, 'कोणीच नाही.'