एशियाटिक की ससून? फोटोवरून कसं ओळखायचं

परवा ग्रुपवर एकाने पायऱ्यांवर बसलेला फोटो टाकला, खाली लिहिलं 'ससून लायब्ररी', आणि पंधरा जणांनी अंगठेही दिले. अरे बाबांनो, ती एशियाटिक सोसायटीची लायब्ररी! पंचवटी एक्सप्रेस पकडून मुंबईला जाणारे आपण नाशिककर यात हमखास गोंधळतो, कारण दोन्ही फोर्टात, दोन्ही जुन्या, दोन्ही सीएसएमटीवरून चालत जाण्यासारख्या.

तर पांढऱ्या पायऱ्या, त्याही तीस, आणि वर जाडजूड खांब दिसले की ती हॉर्निमन सर्कलची एशियाटिक. खरं म्हणजे तो टाऊन हॉल, १८३३ साली पूर्ण झालेला, तेव्हा साहेबाला ग्रीक देवळासारखं बांधायचं वेड होतं म्हणून ते खांब. सोसायटी त्याहून जुनी, १८०४ची. त्याच बिल्डिंगमध्ये राज्य मध्यवर्ती ग्रंथालयही आहे, म्हणजे गोंधळात अजून भर.

ससून काळा घोड्याला, एल्फिन्स्टन कॉलेजच्या शेजारी. इथे टोकदार कमानी आणि पिवळसर मालाड स्टोन, काळारामाच्या काळ्या दगडाची सवय असलेल्या आपल्या डोळ्यांना तर लगेच वेगळा दिसतो. ही बिल्डिंग १८७०ची, तोवर किल्ल्याची तटबंदी पाडून झाली होती आणि मुंबईत गॉथिकची हवा होती, सदतीस वर्षांत फॅशनच बदलली ना. पण मला आवडते ती हिची सुरुवात. १८४७ मध्ये टांकसाळीत आणि सरकारी गोदीत काम करणाऱ्या मेकॅनिक लोकांनी ही संस्था काढली, म्हणजे मशीनवर काम करणाऱ्यांची लायब्ररी, आणि मग बगदादहून आलेले व्यापारी डेव्हिड ससून यांनी बिल्डिंगसाठी ६०,००० रुपये दिले. ते १८६४ सालीच पुण्यात वारले, बिल्डिंग काही त्यांनी पाहिली नाही. (पुण्याचं ससून हॉस्पिटल पण त्यांच्याच देणगीतलं. ससून डॉक मात्र मुलाचा, तो अजून एक घोळ.)

आणि कोणी मुंबईच्या जुनेपणाचा तोरा मिरवायला लागलं तर सांगा, आपलं सावाना, म्हणजे नाशिकचं सार्वजनिक वाचनालय, १८४०चं आहे, ससूनपेक्षा सात वर्षांनी मोठं.

मला विचाराल तर फोटो एशियाटिकच्या पायऱ्यांवर काढा, पण वाचायला ससूनच, वरच्या गॅलरीतल्या त्या लांब हातांच्या आरामखुर्च्या आणि मागची बाग, फक्त जेवून जाऊ नका, पुस्तक छातीवर ठेवून झोप लागते.