टोर्नेडोच्या पट्ट्यातील शाळा आणि त्यांच्या निवारा खोल्या

अमेरिकेच्या मध्य भागातील शाळांत मुलांना अगदी लहान वयात एक कवायत शिकवली जाते. इशारा झाला की वर्ग सोडून इमारतीच्या मधल्या मार्गिकेत यायचे, भिंतीकडे तोंड करून गुडघ्यांवर बसायचे, डोके खाली घालायचे आणि दोन्ही हात मानेवर धरायचे. 20 मे 2013 रोजी ओक्लाहोमा राज्यातील मूर या शहरात, शाळा सुटण्याच्या सुमारास, मुले अशीच बसली होती. टोर्नेडोचा इशारा दुपारी 2 वाजून 40 मिनिटांनी मिळाला होता, 16 मिनिटांनी टोर्नेडो जमिनीला टेकला आणि प्लाझा टॉवर्स या प्राथमिक शाळेपर्यंत पोहोचायला त्याला आणखी वीसेक मिनिटे लागली. म्हणजे इशारा वेळेवर मिळाला होता आणि कवायतही नीट झाली होती. तरीही त्या शाळेत सात मुले दगावली, कारण ज्या भिंतींच्या आडोशाला ती बसली होती त्या भिंतीच टिकल्या नाहीत. त्याच दिवशी ब्रायरवूड ही दुसरी शाळाही भुईसपाट झाली, पण तिथे एकही जीव गेला नाही. त्याचे श्रेय इमारतीला देता येणार नाही.

आपल्याकडे बातम्यांत टोर्नेडोला सर्रास ‘चक्रीवादळ’ म्हटले जाते आणि त्यामुळे मोठा घोटाळा होतो. चक्रीवादळ समुद्रावर तयार होते, शेकडो किलोमीटर पसरते आणि किनाऱ्यावर येण्याच्या काही दिवस आधीपासून त्याचा माग काढता येतो. म्हणूनच ओडिशात गावेच्या गावे आधी हलवता येतात. टोर्नेडो गडगडाटी ढगातून खाली उतरतो, त्याची रुंदी बहुधा काहीशे मीटर असते आणि हाताशी वेळ उरतो तो मिनिटांचा. एवढ्या वेळात सहाशे मुलांना बसमध्ये बसवून दुसरीकडे नेणे अशक्य असते आणि वाटेत बस सापडली तर परिस्थिती आणखी वाईट. त्यामुळे निवारा शाळेच्या आवारातच असावा लागतो.

मार्गिका का पुरत नाही, याचे उत्तर साध्या भौतिकशास्त्रात आहे. वाऱ्याचा दाब वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, म्हणजे वेग दुप्पट झाला की दाब चौपट होतो. ताशी 402 किलोमीटर वेगाचा वारा भिंतीच्या प्रत्येक चौरस मीटरवर सुमारे 780 किलो वजनाइतका दाब देतो. आठ मीटर लांब आणि तीन मीटर उंच अशा वर्गाच्या भिंतीवर हा भार अठरा टनांच्या पुढे जातो. शिवाय एक खिडकी फुटली की वारा आत शिरून छताला खालून रेटतो, त्याच वेळी छतावरून वाहणारा वारा त्याला वर ओढतो, आणि छत उचकटले की त्याच्या आधाराने उभी असलेली भिंत कोसळते. मार्गिकेची दोन्ही टोके उघडी पडली तर ती वाऱ्याचा बोगदाच बनते. अलाबामातील एंटरप्राइझ या गावी 1 मार्च 2007 रोजी हायस्कूलच्या मार्गिकेत आश्रय घेतलेले आठ विद्यार्थी असेच गेले.

निवारा खोलीचे तत्त्व सरळ आहे: छत भिंतींना, भिंती पायाला आणि पाया जमिनीला असा बांधायचा की भार कुठेही न तुटता खालपर्यंत पोहोचावा. काँक्रीट, सळया घालून भरलेले पोकळ ब्लॉक, जाड स्लॅब, यांत नवे काहीच नाही. कौशल्य लागते ते सांध्यांत. खरी परीक्षा मात्र उडून येणाऱ्या वस्तूंची असते. प्रमाणित चाचणीत 6.8 किलो वजनाची लाकडी फळी हवेच्या तोफेतून ताशी 161 किलोमीटर वेगाने भिंतीवर आणि दारावर मारली जाते. शोएब अख्तरने 2003 च्या विश्वचषकात टाकलेला विक्रमी चेंडू याच वेगाचा होता. फरक इतकाच की चेंडूचे वजन सुमारे 160 ग्रॅम असते. या माऱ्यात भिंत सहसा निभावते, पण दार हमखास गोत्यात येते, म्हणून बिजागऱ्या, चौकट आणि अनेक ठिकाणी अडकणारी कडी असे सगळे एकत्रच तपासावे लागते. या साऱ्या अभ्यासाचे माहेर टेक्सासमधील लबक हे शहर. तिथे 1970 मध्ये टोर्नेडोने 26 बळी घेतले आणि तिथल्या विद्यापीठातील अभियंत्यांनी पडझडीचा बारकाईने अभ्यास सुरू केला.

जागा मात्र फार लागत नाही. उभ्या किंवा बसलेल्या माणसामागे 0.46 चौरस मीटर, म्हणजे उघडलेल्या वर्तमानपत्राहून फारसे मोठे नाही, इतके क्षेत्र धरतात. चाकाच्या खुर्चीसाठी त्याच्या दुप्पट. साडेसहाशे जणांना सुमारे 300 चौरस मीटर पुरतात, आणि एवढे सभागृह किंवा व्यायामशाळा बहुतेक शाळांना तशीही लागतेच.

एखाद्या विशिष्ट शाळेवर टोर्नेडो आदळण्याची शक्यता कोणत्याही एका वर्षी नगण्य असते, मग इतका खर्च कशाला, असा आक्षेप घेतला जातो. तो हिशेब चुकीचा नाही, पण अपुरा आहे, असे मला वाटते. नवी इमारत बांधतानाच तिची एक खोली निवारा म्हणून बांधली तर जादा खर्च फक्त तेवढ्या मजबुतीचाच येतो. अलाबामाने 2010 पासून नव्या शाळांना अशी खोली सक्तीची केली आणि 2015 च्या आदर्श इमारत संहितेने (राज्ये आपले बांधकामाचे नियम ज्यावर बेततात तो नमुना) सर्वाधिक धोक्याच्या पट्ट्यातील, पन्नास किंवा अधिक माणसे सामावणाऱ्या नव्या शाळांसाठी हाच नियम घातला.

अडचण उरते ती जुन्या शाळांची, कारण हे नियम त्यांना मागे जाऊन लागू होत नाहीत. संघीय अनुदान साधारणपणे खर्चाच्या 75 टक्क्यांपर्यंत मिळते आणि बाकीची रक्कम गावाला उभी करावी लागते. ओक्लाहोमात शाळेसाठी रोखे काढायचे तर स्थानिक मतदानात 60 टक्के कौल लागतो. मूरमधील त्या दोन्ही शाळा पुन्हा उभ्या राहिल्या तेव्हा त्यांत निवारा खोल्या होत्या. आसपासच्या ज्या शाळांची एक वीटही हलली नव्हती, त्यांना मात्र मतपेटीची वाट पाहावी लागली.