मांजराची साखर वाढलेली दिसली, म्हणजे मधुमेहच?

‘मांजराच्या रक्तात साखर जास्त निघाली की मधुमेह पक्का,’ हा समज वर्षानुवर्षं फिरतो आहे. मांजर घाबरलं की अ‍ॅड्रिनलिन वाढतं आणि यकृत रक्तात साखर सोडतं. अनोळखी वास, सुई टोचताना झालेली झटापट एवढंही पुरतं. मधुमेह नसतानाही आकडा ३०० मिग्रॅ/डेसीलिटरपलीकडे जाऊ शकतो. तेवढ्यावरून इन्सुलिन सुरू करणं धोक्याचं आहे, साखर जीवघेणी उतरू शकते.

खात्रीसाठी डॉक्टरांना फ्रुक्टोसामाइन (रक्तातल्या प्रथिनांना चिकटलेली साखर) तपासायला सांगा. त्यातून मागच्या साधारण दोन आठवड्यांतल्या साखरेचा अंदाज येतो, क्षणभराच्या भीतीने ते बदलत नाही. मांजर पाणी जास्त पितं का, वजन उतरतंय का, हेही बघा.

उलटही घडतं: रक्ताचा नमुना सीरम (रक्त गोठल्यावर उरणारा, पेशी नसलेला द्रव) वेगळं न करता तसाच पडून राहिला, तर पेशी साखर वापरत राहतात आणि आकडा खोटाच कमी येतो.