प्लास्टरबोर्डची रास्प

प्लास्टरबोर्ड म्हणजेच जिप्सम बोर्डची (दोन कागदांच्या मधे जिप्समचा गाभा असलेल्या बोर्डची) कापलेली कड घासून सरळ करण्याचे हातअवजार. बोर्ड कापताना दर्शनी कागदावर कटरने रेघ मारतात, बोर्ड मागे दाबून मोडतात आणि मग मागचा कागद कापतात. अशी मोडलेली कड ओबडधोबड राहते. तुकडा दोन-तीन मिलिमीटरने मोठा झाला तर एवढी बारीक पट्टी मोडून निघत नाही आणि तो ठोकून बसवावा तर कोपरा फुटतो. रास्प लागते ती इथे.

जिप्सम नखानेही ओरखडा उठेल इतके मऊ असते, खनिजांची कठीणता 1 ते 10 मध्ये मोजणाऱ्या मोह्‌स मापनावर त्याची कठीणता 2. त्यामुळे रास्प निवडताना दातांच्या धारेपेक्षा भुगा कुठे जातो हे आधी पाहावे. लाकडाच्या किंवा लोखंडाच्या कानशीचे दात चार हात मारताच भुग्याने बुजतात, मग ती नुसती घसरते. जाळीदार पात्याची रास्प खिसणीसारखी असते: प्रत्येक दातापुढे भोक आणि भुगा त्यातून पलीकडे पडतो. प्लास्टरबोर्डसाठी हीच घ्यावी. घरात पडून असलेली जुनी कानस फार तर एखाद्या कोपऱ्यापुरती चालते.

साधारण 14 सेंटिमीटरची रास्प खिशात मावते आणि एका हाताने चालवता येते. मात्र आखूड पाते कडेच्या चढउतारांवरूनच फिरते. लांब कड एका रेषेत आणायला 25 सेंटिमीटरच्या आसपासचे पाते बरे, कारण ते फक्त उंचवटे खाते. काही रास्पना दोन्ही बाजूंनी पट्ट्या असतात. त्यांच्यामुळे पाते कडेशी काटकोनात राहते. पाइपसाठी पाडलेले भोक वाढवायला गोल पाते लागते.

हात दर्शनी कागदाकडून आत, गाभ्याच्या दिशेने मारावा. उलट मारल्यास कागद उचकटतो आणि ती झालर रंगाखालूनही दिसते. उरलेले धागे घासत बसू नये, कटरने छाटावेत. सांधा भरण्याआधी कापलेल्या कडेला थोडा उतार देण्याचे कामही रास्पनेच होते.

पाते बदलता येणारी रास्प घेणे फायद्याचे, कारण सिमेंट बोर्डवर साधे पाते लवकर बोथट होते; तिथे कार्बाइड या अतिशय कठीण पदार्थाच्या दाण्यांचे पाते वापरतात. ओलसर भुगा पात्यावर राहिला तर गंज चढतो, म्हणून काम झाल्यावर कोरड्या ब्रशने ते झाडून ठेवावे. घासताना उडणारी धूळ फार बारीक असते, मास्क लावावा.