खोती ते भूसंपादन: कोकणातील मालकीहक्काच्या वादाची पार्श्वभूमी

एप्रिल २०२३ मध्ये राजापूर तालुक्यातील बारसूच्या सड्यावर, म्हणजे कातळपठारावर, तेलशुद्धीकरण प्रकल्पाच्या माती परीक्षणासाठी यंत्रे आली, तेव्हा आसपासच्या गावांतील बाया भर उन्हात रस्त्यावर आडव्या झाल्या. त्यानंतर जी चर्चा झाली ती बहुतेक रोजगार विरुद्ध पर्यावरण अशी झाली. त्या चर्चेत एक प्रश्न मागे पडला: जमीन कोणाची, आणि ती द्यायची की नाही हे ठरवण्याचा शेवटचा अधिकार कोणाकडे? लिबर्टेरियन, म्हणजे मराठीत ज्याला स्वातंत्र्यवादी म्हणता येईल, त्या विचाराचा हा मूळ प्रश्न आहे. हा विचार परदेशातून आलेला आणि शहरी सुशिक्षितांपुरता आहे, असे आपल्याकडे समजले जाते. कोकणाच्या महसुली इतिहासात मात्र तोच वाद किमान दीडशे वर्षे चालू आहे, आणि तो समजून घेतल्याशिवाय आजचे भूसंपादनाचे भांडण नीट कळत नाही.

सतराव्या शतकातील इंग्रज विचारवंत जॉन लॉक यांनी मांडले की, माणूस स्वतःचा मालक असतो, म्हणून त्याच्या श्रमाचाही मालक असतो, आणि पडीक जमिनीत त्याने श्रम घातले की त्या जमिनीवर त्याचा हक्क निर्माण होतो. विसाव्या शतकात अमेरिकी विचारवंत रॉबर्ट नोझिक यांनी त्यात महत्त्वाची भर घातली. मालमत्ता न्याय्य ठरण्यासाठी ती मुळात न्याय्य मार्गाने मिळालेली असली पाहिजे, पुढे स्वखुशीने हस्तांतरित झालेली असली पाहिजे, आणि यांत कुठे जबरदस्ती झाली असेल तर ती चूक दुरुस्त केली गेली पाहिजे, असे त्यांचे म्हणणे. अमेरिकी अर्थतज्ज्ञ मरे रॉथबार्ड तर याच्याही पुढे गेले. राजसत्तेने बहाल केलेली सरंजामी जमीनदारी ही मालमत्ताच नव्हे, पिढ्यान्‌पिढ्या कसणारे कूळ हेच तिचे खरे मालक, असे त्यांनी स्पष्ट लिहिले. मालकीहक्काचा कैवार म्हणजे जमीनदाराचा कैवार, हा समज त्यामुळे टिकत नाही, आणि खोती या कोकणातील सारावसुलीच्या पद्धतीचा विचार करताना हे ध्यानात ठेवावे लागते.

खोत हा मुळात गावचा सारा वसूल करून सरकारात भरणारा मक्तेदार होता. रत्नागिरी, कुलाबा (आजचा रायगड) आणि ठाण्याचा काही भाग येथे ही पद्धत रुजली आणि कालांतराने वंशपरंपरागत झाली. गावात धारेकरी असत, ते ठरलेला धारा भरत आणि त्यांचा हक्क पक्का मानला जाई. त्यांच्याखाली कुळे, जी अर्धेलीने (निम्मा) किंवा तिर्धेलीने (एक तृतीयांश) पिकाचा हिस्सा खोताला देत. सरकारात भरायचा सारा आणि कुळाकडून घेतलेला हिस्सा यांतील फरक म्हणजे खोताचा फायदा. त्याशिवाय वेठ, म्हणजे सक्तीचे बिनमोबदला काम, होतीच. डोंगरउतारावरची वरकस, म्हणजे हलकी, जमीन भाजून, राब करून, नाचणी-वरी पिकवणाऱ्या माणसाने पिढ्यान्‌पिढ्या त्या जमिनीत जो घाम जिरवला, त्याची कागदावर नोंद सहसा नव्हती. १८८० च्या खोती कायद्याने इंग्रज सरकारने या नात्याला कायद्याची चौकट दिली, कुळांचे वर्ग पाडले आणि खोतांचे हक्कही पक्के केले. वसुलीचा मक्ता हळूहळू मालकीसारखा झाला, तो राज्यसत्तेच्या बळावर. लॉकच्या कसोटीवर खोती इथेच नापास होते.

याच काळातला एक प्रसंग सहसा विस्मरणात जातो. गुहागर तालुक्यातील कोतळूक येथे जन्मलेले गोपाळ कृष्ण गोखले १९०१ मध्ये मुंबई कायदेमंडळाचे सदस्य होते. त्या वर्षी सरकारने जमीन महसूल कायद्यात दुरुस्ती आणली. साऱ्याच्या थकबाकीपायी सरकारजमा झालेली जमीन पुन्हा शेतकऱ्याला द्यायची, पण ती विकण्याचा किंवा गहाण ठेवण्याचा हक्क त्याला द्यायचा नाही, असा तिचा आशय होता. सावकारापासून संरक्षण हे कारण पुढे केले गेले. फिरोजशहा मेहता, गोखले आणि इतर काही सदस्य निषेध म्हणून सभागृहाबाहेर पडले. शेतकऱ्याचे भले करण्याच्या नावाखाली त्याला सरकारचे कूळ करू नये, हा त्यांच्या विरोधाचा गाभा होता. या नेमस्त पुढाऱ्यांचा हा आक्षेप आज वाचतानाही शिळा वाटत नाही.

खोतीविरुद्धचा मोठा लढा अलिबाग तालुक्यातील चरी येथे १९३३ मध्ये उभा राहिला. नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली पंचवीस गावांतील कुळांनी खोतांची जमीन कसण्याचेच नाकारले. १९३९ पर्यंत, सुमारे सहा वर्षे, खारेपाटातली, म्हणजे खाडीकाठच्या खाऱ्या पट्ट्यातली, शेते पड राहिली. या संपाकडे डाव्या चळवळीचा वारसा म्हणून पाहिले जाते आणि ते रास्तच आहे. तरीही माझ्या मते तो स्वातंत्र्यवादी कसोटीवरही तितकाच खरा उतरतो. कोणाची जमीन हिसकावली गेली नाही. कुळांनी फक्त एक अन्याय्य करार करण्याचे नाकारले आणि आपले श्रम काढून घेतले, तेव्हा श्रमाशिवाय त्या मालकीची किंमत किती उरते ते सगळ्यांना दिसले.

मंडणगड तालुक्यातील आंबडवे हे ज्यांचे मूळ गाव, त्या डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १७ सप्टेंबर १९३७ रोजी मुंबई विधिमंडळात खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले, आणि जानेवारी १९३८ मध्ये कोकणातले शेतकरी मुंबईत मोर्चाने आले. विधेयकात खोतांना वाजवी भरपाई आणि प्रत्यक्ष कसणाऱ्याला थेट कब्जेदाराचा हक्क, असे दोन्ही होते. पुढे शेतजमीन राज्याच्या मालकीची करावी इथपर्यंत बाबासाहेबांचा विचार गेला, आणि तिथे स्वातंत्र्यवादी त्यांच्यापासून वेगळे होतात. या विधेयकाची रचना मात्र चुकीची दुरुस्ती करून मालकी कसणाऱ्याच्या हाती देणारी होती.

स्वातंत्र्यानंतर १९४९ च्या खोती निर्मूलन कायद्याने ही पद्धत संपली. १९५१ मध्ये पहिली घटनादुरुस्ती होऊन संविधानाला नववे परिशिष्ट जोडले गेले, ते जमीन सुधारणांचे कायदे न्यायालयीन आव्हानापासून वाचवण्यासाठी. त्यातल्या पहिल्या तेरा कायद्यांत सहाव्या क्रमांकावर हाच खोती कायदा आहे. कोकणातल्या कुळाला न्याय देणाऱ्या कायद्यासाठी जे कुंपण घातले, त्याच कुंपणात पुढे जमीन सुधारणेशी संबंध नसलेले कायदेही आणून ठेवले गेले आणि परिशिष्टातील संख्या २८४ वर पोचली. २००७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने २४ एप्रिल १९७३ नंतर घातलेले कायदे तपासता येतील असा निर्णय दिला. दरम्यान १९७८ च्या चव्वेचाळिसाव्या दुरुस्तीने मालमत्तेचा मूलभूत हक्कच काढून टाकला होता. कलम ३००अ नुसार तो आता घटनात्मक हक्क आहे, मूलभूत नव्हे.

मालमत्तेचा हक्क आकसत नेणाऱ्या या प्रवाहाला राजकीय विरोध झाला. सहकारी सामुदायिक शेतीच्या काँग्रेसच्या नागपूर ठरावानंतर १९५९ मध्ये राजगोपालाचारी, एन. जी. रंगा आणि मिनू मसानी यांनी स्वतंत्र पक्ष काढला. महाराष्ट्रात हाच धागा शरद जोशींनी शेतकरी संघटनेतून आणि १९९४ च्या स्वतंत्र भारत पक्षातून पुढे नेला. शेतकऱ्याला मालमत्तेचा हक्क परत द्या, ही त्यांची मागणी होती. कोकणात मात्र ही भाषा फारशी पोचली नाही. इथला शेतकरी तुकड्यांचा मालक, घरातला कर्ता मुंबईला चाकरमानी, आणि कुळ कायद्यामुळे जमीन मिळालेल्यांना हक्काची चर्चा म्हणजे खोताच्या परतीची चाहूल वाटे. ही भीती समजण्यासारखी होती, पण तिची किंमत पुढे मोजावी लागली.

कारण खोत गेला तरी सक्तीने जमीन घेण्याचा सरकारचा अधिकार, १८९४ च्या भूसंपादन कायद्यातून, शाबूत राहिला. जैतापूरच्या अणुऊर्जा प्रकल्पासाठी माडबन, निवेली, करेल, मिठगवाणे परिसरातील सुमारे ९३८ हेक्टर जमीन याच कायद्याखाली घेतली गेली. २०१३ च्या नव्या कायद्याने खासगी कंपनीसाठी ८० टक्के आणि सरकारी-खासगी भागीदारीसाठी ७० टक्के संमती आवश्यक केली, पण सरकारच्या स्वतःच्या प्रकल्पाला ती अट लागत नाही. शिवाय राज्याच्या १९६१ च्या औद्योगिक विकास कायद्यात संपादनाची वेगळी वाट आहे. तेलशुद्धीकरण प्रकल्पासाठी बारसूच्या आधी निवडलेले नाणारचे क्षेत्र २०१७ मध्ये याच कायद्याखाली अधिसूचित झाले आणि लोकांच्या विरोधामुळे २०१९ मध्ये ती अधिसूचना मागे घ्यावी लागली.

संमती कोणाची घ्यायची, हाही कोकणात सोपा प्रश्न नाही. सावंतवाडी तालुक्यात आंबोली, चौकुळ आणि गेळे येथील कबुलायतदार गावकरांच्या, म्हणजे कबुलायतीने (करारपत्राने) गावची जमीन सामाईक धारण करणाऱ्यांच्या, जमिनींवर सरकारचे नाव लागल्याने पिढ्यान्‌पिढ्या कसणाऱ्यांना आपला हक्क पुन्हा सिद्ध करत बसावे लागले. आणि आमच्याच घरातला एक सातबारा माझ्यासमोर आहे. कब्जेदारांच्या रकान्यात एकतीस नावे, त्यांतली निम्म्याहून अधिक माणसे हयात नाहीत. वारस नोंदीसाठी माझ्या वडिलांनी महसूल कार्यालयात चार वर्षे फेऱ्या मारल्या. ‘इतर अधिकार’ या रकान्यात एका कुळाचे नाव फिकट शाईत अजून आहे. त्याच्या नातवाने त्या वाफ्यात गेल्या पावसाळ्यात काजूची सोळा कलमे लावली आहेत.